श्राद्धाचा ढोमा

"भाव कमी कर," जोमसुन म्हणाली, आणि ओक्बुनच्या हातातली सुरी थांबली.

शेजारच्या गाळ्यावर शिंपले सोलणारी बाईसुद्धा मान वर करून बघायला लागली. जोमसुन मुळ्याच्या जुडीवरूनही भांडते, हे त्या बंदरावरच्या बाजारात कोणाला नवं नव्हतं. पण आज तिच्या नवऱ्याचं श्राद्ध होतं. श्राद्धाच्या सामानात कोणी घासाघीस करत नाही. सांगितली ती किंमत निमूट द्यायची, आणि विकणाऱ्यानेही त्या दिवशी अवाच्या सवा सांगायचं नाही. एवढी लाज या बाजारात अजून शिल्लक होती.

"श्राद्धाचा ढोमा आहे तो," ओक्बुन हळूच म्हणाली.

"मासाच आहे ना? आणि कालचा दिसतोय."

ओक्बुनच्या डोक्यात तिडीक गेली. पहाटे, नाक गळून पडेल अशा वाऱ्यात लिलावाला उभं राहून तिने हे ढोमे निवडून आणले होते. सोनेरी पोटाचे, खवला न खवला जागेवर असलेले. एक जोमसुनसाठी, एक स्वतःसाठी. दरवर्षी आणायची तसेच.

कारण दोघींचे नवरे एकाच बोटीवर गेले होते. जोमसुनचा पालबोक आणि ओक्बुनचा दलसू. अशाच एका हिवाळ्यात बोट बाहेर पडली ती परत आलीच नाही, साधी फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. बोट सुटली तो दिवस श्राद्धाचा धरायचा, असं दोघींनी मिळून ठरवलं. दलसूला समुद्रावर जायचंच नव्हतं, पालबोकनेच त्याला भरीला घातलं होतं. ओक्बुनने ते कधी बोलून दाखवलं नाही. पुढे बर्फाच्या कारखान्याच्या मालकाने तिला लग्नाचं विचारलं. माणूस भला होता, बायको वारलेली. तिने नाही म्हणून सांगितलं. दलसूच्या पानावर मग मासा कोण वाढणार, हा एकच विचार तेव्हा तिच्या मनात आला होता.

तिच्या वाटणीचा ढोमा गाळ्याखाली टोपलीत, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. सकाळी एका हॉटेलवाल्याने त्याचे दुप्पट देऊ केले, तेव्हा तिने त्याला हाकलून लावलं होतं.

"बरं, ढोमा राहू दे," जोमसुन म्हणाली. "वाकटी दे. दोन. डोकी उडव आणि तुकडे कर."

वाकटी मेलेल्या माणसापुढे ठेवत नाहीत. आणि मासा मुंडकं तोडून तर नाहीच नाही.

"मुळा घालून लालभडक रस्सा करणारेय," जोमसुन पुढे म्हणाली. "लसूण ठेचून."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिखट-लसणाच्या वासाला मेलेली माणसं फिरकत नाहीत. तो उंबऱ्याच्या आत पाऊल तरी टाकेल का?"

"टाकेल. त्याला वाकटीच लागते."

जोमसुनचा आवाज बसला होता. उजव्या हाताची बोटं सुजली होती. काय झालं म्हणून ओक्बुनने विचारलं, तर म्हणाली, दार आपटलं. तिच्या पिशवीत डाग पडलेल्या नासपती होत्या आणि तांदळाच्या गढूळ दारूच्या, सगळ्यात स्वस्तातल्या, दोन बाटल्या. श्राद्धाला नितळ दारू लागते, आणि दरवर्षी ती जोमसुनच आठवणीने दोघींसाठी आणायची.

ओक्बुनने वाकट्या ओट्यावर टाकल्या आणि सुरी अशी आपटली की शेजारचा बर्फ उडाला. मग तिचं तोंड सुटलं. वर्षातून एकदा एक पान वाढायचं, तेही जिवावर येतं का, असं तिने विचारलं. कंजूष म्हणाली, कोडगी म्हणाली. तुझ्या हातचं खाण्यापेक्षा तो समुद्रात उपाशी राहिलेला बरा, हेही म्हणाली. रांगेतली दोन गिऱ्हाइकं मुकाट्याने पुढच्या गाळ्यावर सरकली.

"ते दोघं बरोबर बुडाले," ती म्हणाली. "तुझा उपाशी राहिला तर माझा घास घेणार नाही, एकट्याने खाणारा नव्हताच तो. तुझ्या नवऱ्याच्या नादाने गेला माझा. इतकी वर्षं मी शब्द काढला नाही. आज काढते."

जोमसुनने सगळं ऐकून घेतलं. उलटून एक शब्द बोलली नाही, आणि त्याचा ओक्बुनला आणखीच राग आला. ही भांडखोर बाई आज भांडतही नव्हती.

समोर माशांच्या वड्यांच्या कढईतून वाफ येत होती. शिंपलेवालीला तिथे गरम रस्सा प्यायला जायचं होतं, पण भांडण सोडून तिचा पाय निघेना. जोमसुनने नुसतं तिच्याकडे बघितलं. ती उठली आणि गेली.

मग जोमसुन गाळ्याला वळसा घालून आत आली, खाली वाकली आणि तिने ती टोपली बाहेर ओढली.

"त्याला हात लावशील तर याद राख," ओक्बुनने तिचं मनगट धरलं.

जोमसुनने मनगट सोडवून घेतलं. पांढरं फडकं काढलं, त्याची घडी घालून ओक्बुनच्या हातात दिली, आणि तो सोनेरी पोटाचा ढोमा उचलून पुढच्या बर्फावर, विकायच्या माशांमध्ये ठेवून दिला.

"विकून टाक हा," ती म्हणाली. "ते बोटीवर चढलेच नव्हते. आज सकाळी आले. दलसूची तुझ्या दारात यायची छाती झाली नाही, म्हणून दोघंही माझ्याच घरी शेकत बसलेत, आणि तुझ्यालाही वाकटीच हवीय."