पुढची दोन, मागची दोन

मिस्त्रीने स्टिअरिंग उजवीकडे पुरतं पिळलं आणि गॅरेजच्या अंगणात गाडी सावकाश गोल फिरवायला घेतली. पाव फेराही झाला नसेल, गाडी अडली. कण्हली, एक उडी मारून पुढे सरकली, पुन्हा अडली. कुणीतरी मागून पदर धरून ठेवावा तशी.

"ब्रेक चिकटत असतील," थोरला म्हणाला.

"मागचे नाहीत. मागचे मी आत्ताच करून घेतलेत," धाकट्याने हात झटकले.

भिंतीशी कुठल्याशा गाडीतून उपटलेली सीट ठेवली होती. तिच्यावर बसून म्हातारी दोघांकडे बघत होती. सकाळी डोळे तपासायला म्हणून तिला टेकडीवरच्या घरातून खाली आणलं होतं, संध्याकाळच्या आत परत वर सोडायचं होतं. आईला घेऊन दोन-दोन मुलगे आले म्हणून डॉक्टरीणबाई हरखल्या होत्या. गाडी एकट्याच्या हाती सोपवायला दुसरा तयार नव्हता, हे त्यांना कोण सांगणार.

मिस्त्रीने सुतळी आणली. पुढच्या टायरला वेढा देऊन तिला गाठ मारली आणि तोच वेढा मागच्या टायरला घालून पाहिला. दोन बोटं ढिला राहिला.

"टायर कोण बघतं या गाडीचे?"

"पुढचे मी."

"मागचे मी."

मिस्त्रीला वाटलं, आपली फिरकी घेताहेत. फिरकी नव्हती. वडील गेल्यावर कपाटं वाटून झाली, भांडी वाटून झाली, गाडी तेवढी उरली. करवतीने कापता येत नाही आणि आईचा तो खडीचा चढ चढणारी दुसरी गाडी नाही, तेव्हा पुढची चाकं थोरल्याने सांभाळायची, मागची धाकट्याने, असं ठरलं. थोरल्याने कोरे टायर घातले. धाकटा गुळगुळीत झालेल्यांवरच भागवत होता. मागून कोण बघतंय, असं त्याचं साधं गणित.

"चारी चाकांनी ओढणारी गाडी आहे ही," मिस्त्री सुतळी गुंडाळत म्हणाला. "मागची चाकं लहान झाली, त्यांना जास्त गरगरावं लागतं. पुढची आपल्या चालीने जातात. मधे एक कपलिंग असतं, ते हा फरक सोसून घेतं. त्याच्याने सोसवलं तेवढं त्याने सोसलं. तापून तापून आता घट्ट आवळून बसलंय. वळणावर पुढची मागच्यांना सोडत नाहीत, मागची पुढच्यांना."

"मग?"

"मग ते बदला. आणि चारी टायर एकसारखे घाला."

धाकट्याने हळूच विचारलं, "हे मधलं, ते नक्की कुठे असतं?"

मिस्त्रीने गाडी उचलून घेतली. दोघे खाली शिरले.

"हे बघ, इंजिनाला खेटूनच आहे. पुढचंच झालं की हे, दादा."

"डोळे आहेत का तुला? मागच्या दांड्यावर बसलंय ते. दांडा कुणाकडे जातो? मागे."

थोरल्याने वीत टाकून मोजायला सुरुवात केली. पोरं इतकी मन लावून ओणवी झालेली म्हातारीने त्यांच्या गोट्या खेळायच्या वयानंतर पाहिली नव्हती.

मिस्त्री कंटाळला. "तुमचा निकाल लागेपर्यंत गिअरचा चुरा होईल. असं करू, मागचा दांडाच काढून ठेवतो. गाडी पुढच्या दोन चाकांवर पळेल. सपाट रस्त्याला काही कळणारसुद्धा नाही."

"म्हणजे सगळा भार माझ्या चाकांवर," थोरला म्हणाला.

"आणि माझी फुकट फिरणार," धाकटा म्हणाला. त्याला हसू आवरेना.

तरी दोघे तयार झाले. खर्च कुणाचाच नाही म्हटल्यावर भावाभावांत एकमत व्हायला वेळ लागत नाही. दांडा निघाला, काळ्या ग्रीसने माखलेला, आणि फरशीवर आडवा झाला. मिस्त्रीने पुन्हा गोल फेरा मारला. गाडी लोण्यातून फिरावी तशी फिरली.

"झालं काम," थोरला म्हणाला. "चल आई, बस."

म्हातारी उठली नाही. "चढ चढेल का, मिस्त्री?"

मिस्त्रीने मुलांकडे पाहिलं. मुलं फरशीकडे पाहत होती.

"खडीवर नाही चढायची, आजी. पुढची चाकं जागच्या जागी फिरतील."

"काही दिवस खालीच राहा ना तू," धाकटा म्हणाला. "वर एकटीने काय करतेस?"

"कुणाकडे राहू?"

"दादाकडे एक खोली मोकळी आहे."

"मोकळी कसली, पोरांचा अभ्यास असतो तिथे. आणि तुझ्याकडे ऊन छान येतं. तिला सांध्यांना ऊन लागतं."

"ऊन येतं, पण जिना आहे, दादा."

इतकं गोड ते एकमेकांशी वर्षभरात बोलले नव्हते. म्हातारीने दोघांचं होऊ दिलं. मग मिस्त्रीला म्हणाली, "तो दांडा परत बसवा."

"आजी, आवळलेल्या कपलिंगवर चढवली तर कधी काय तुटेल सांगता येत नाही. एकदा चढेल. पुढच्या खेपेचं मी बोलत नाही."

"एकदाच चढायचंय."

मिस्त्रीने पाना उचलला. काम होईतो ती सीटवर ताठ बसून राहिली, मग मागचं दार उघडून गाडीत बसली. थोरला खिडकीशी वाकला.

"आई, अगं, वर जाऊन मोडली तर आम्ही दोघांनी खाली यायचं कसं?"

दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'आम्ही दोघं' निघालं होतं. म्हातारीने काच वर केली.