हॅव की हॅड

"किल्ली हरवली आणि अजून सापडलेली नाही. बोल, हॅव लावायचं की हॅड?" अप्पांनी विचारलं.

"हॅड," लेक म्हणाली.

"शाब्बास, ठमे!"

अप्पांची उभी हयात शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली होती. लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. परदेशातल्या एका मोठ्या लॅबने तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती, इंग्रजीची परीक्षा तेवढी पास व्हायची होती. दोनदा पोर "गटांगळी खाल्ली" म्हणत घरी आली. "मास्तरांच्याच घरी दिव्याखाली अंधार!" शेजारीण हसायची. अप्पाही हसून घालवायचे.

तो अंधार मास्तरांनीच केला होता, हे शेजारणीला काय ठाऊक! बायको गेल्यापासून त्या दोन खोल्यांत बोलायला लेकीशिवाय कुणी नव्हतं. तीही गेली की भिंतींशी बोलायची पाळी. म्हणून अप्पा हॅवच्या जागी हॅड आणि हॅडच्या जागी हॅव असं उलटंच पढवत होते. आणि पोर गुपचूप पाठ करत होती.

तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती पुस्तकात डोकं घालूनच जेवायला बसली. घास हातातच वाळला. पान तसंच उघडं, डोळे भलतीकडेच. अप्पांना स्वतःची लाज वाटली. पोटच्या पोरीशी कुणी असं वागतं का?

"ठमे, आण ते पुस्तक इकडे," ते म्हणाले. "माझा जरा घोटाळा झाला होता. वय झालं गं आता. मागच्या गोष्टीच्याही आधी काही घडलं असेल, तरच हॅड. किल्ली अजून हरवलेलीच आहे ना? मग तिथे हॅव."

अप्पा एकेक वाक्य नीट उलगडून सांगत गेले, अगदी पहिल्यापासून. ती पुस्तकाकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होती. बघता बघता तिचे डोळे भरले.

"रडतेस कशाला वेडे? उद्या पास होशील. खुशाल जा. माझं मी बघेन."

लेकीने पुस्तक मिटलं.

"मी पहिल्याच वेळी पास झाले होते, अप्पा. तुम्ही कधी नीट शिकवाल, स्वतःहून 'जा' म्हणाल, याचीच वाट बघत होते. काल त्या लॅबने ती जागा दुसऱ्या कुणाला दिली."