सहाच्या आत एक चित्र

"सहाच्या आत चित्र पाठवा, बाकी मला काही सांगू नका," म्हणत संपादकांनी फोन ठेवला. व्यंगचित्रकाराच्या बायकोला आत नेऊन तेव्हा दोन तास झाले होते. हृदयाचं ऑपरेशन होतं.

वीस वर्षांत त्याचं चित्र एकदाही चुकलं नव्हतं. आज मात्र ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर त्याच्या हातून साधं नाक निघेना.

"तुम्ही ते पेपरातले चित्रवाले ना?" शेजारचे आजोबा म्हणाले. "आमच्या हिला काय वेड तुमचं! आधी चित्र बघायची, मग चहा टाकायची."

तो कसनुसं हसला.

"काढा की काहीतरी. त्या खिडकीतल्या बाईंना काढा."

नाही म्हणवेना. त्यानं केसपेपरच्या खिडकीतल्या बाई काढल्या. स्ट्रेचरवरच्या माणसाला त्या विचारताहेत, "पेशंट स्वतः आलाय का?"

आजोबा खो खो हसले. "आणखी एक!"

मग त्यानं जिना काढला. पायथ्याशी कुबड्या घेतलेला माणूस, वर पाटी: 'हाडांचा विभाग चौथा मजला. लिफ्ट बंद. चालणं सुधारल्यावर या.'

आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रुमालानं पुसत पुसत ते हसतच राहिले. माणसाला काही काळवेळ आहे की नाही, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण पेन्सिल आता सरसर चालत होती.

साडेचारला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "सगळं नीट झालं. तासाभरानं भेटा."

त्यानं उठून हात जोडले, आणि त्या आत गेल्या तरी तो हात जोडून तसाच उभा राहिला. आजोबांनी त्याला धरून बसवलं, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला.

"तुमचं कोण आहे इथे?" त्यानं विचारलं, आणि इतक्या वेळात हे विचारलं नाही म्हणून ओशाळला.

"बायको. तीन आठवडे झाले. आज घरी नेतोय."

"अरे वा! मग हे त्यांना द्या." त्यानं जिन्याचं चित्र वहीतून फाडून दिलं. पेपरला दुसरं चाललं असतं.

आजोबांनी कागद दोन्ही हातांत धरला. "देतो," ते म्हणाले.

तेवढ्यात वॉर्डबॉय धापा टाकत आला.

"आजोबा, इथे बसलात होय! सकाळपासून शोधतोय तुम्हाला. चला लवकर, शववाहिका खाली येऊन थांबलीय."