नाण्यावरची मिशी

भिलाईच्या कारखान्याची पहिली भट्टी पेटली, त्या वर्षी कामगारांचे हुतूतूचे सामने ठरले. विजेत्यांसाठी पितळी स्मृतिनाणी घडवायचं काम साचे कोरणाऱ्या पुंडलिककडे आलं. पण एकही खेळाडू त्याच्यासमोर चढाईच्या पवित्र्यात स्थिर उभा राहीना. शेवटी त्याची बायको कौतिका पुढे झाली. तिनं अंगणाचं दार लावलं, काष्टा आवळला आणि माहेरी खेळायची तशी वाकून हात पुढे केला. "हलू नको." "मी कुठं हलून राहिली? तुमीच हसून राहिले." सुनेनं खेळणं सासूला खपलं नसतं, म्हणून त्यानं नाण्यावरच्या खेळाडूला झुपकेदार मिशी कोरली. पहिलं नाणं सासूनं उजेडात धरलं. "मिशी लावल्यानं सून लपते काय, पुंडलिका?" म्हणत तिनं नाणं कनवटीला खोचलं. बऱ्याच वर्षांनी सासू वारल्यावर ते कौतिकाच्या हाती आलं. अंगठा फिरवून फिरवून सासूनं मिशी झिजवून टाकली होती.