गपक

प्रेमानंद मिहानमधल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसातून थकून घरी आला तेव्हा आई मोबाइलसमोर रडवेली बसली होती. साठीनंतर प्रौढवर्गात ती लिहायला शिकली होती आणि आज दवाखान्याच्या साइटवर स्वतःच नाव नोंदवत होती. ती ‘गोपिका’ लिहायची, साइट ‘गपक’ दाखवायची. परदेशी नावांतल्या अक्षरांवरची टिंबं, टोपीसारख्या खुणा काढून टाकणारा नियम साइट बनवताना प्रेमानंदनंच लिहिला होता. त्यात मराठीतल्या काना, मात्रा, वेलांट्याही पुसल्या जात होत्या. महिन्यापूर्वीच ते त्याच्या ध्यानात आलं होतं. “मराठीत नाव लिहिते कोण?” त्यानं सांगितल्यावर ऑफिसातले साहेब म्हणाले होते आणि कंटाळून त्यानं वाद घातला नव्हता. आईच्या मांडीवर वही होती. पानभर तिनं नाव गिरवलं होतं. “आई, तुह्यं बराबर हाय. माह्यं चुकलं,” तो म्हणाला. “तू त शिकेल हायेस गा, तुह्यं कसं चुकन?” म्हणत तिनं नवं पान उघडलं.