मागचं डावं दार

“आतून उघडता कामा नये. चारही दारं.”

सर्जेरावांनी रिमोट लॉकचा खोका बॉनेटवर ठेवला. औरंगाबादहून आणला होता.

रामकिसन मिस्त्रीनं फियाटकडं पाहिलं. पंचवीस वर्षांची गाडी, रंग उडालेला. परतूरच्या त्याच्या गॅरेजात अशी कुलपं नव्या गाड्यांना बसायची.

“जुन्या गाडीला कशाला एवढा खर्चा? चोर बी हिच्याकडं बघत न्हाई.”

“चोराचं भ्या न्हाई.”

रामकिसननं मागच्या सीटवर पाहिलं. साठीची एक बाई खिडकीला चिकटून बसली होती. कपाळावर ताजी पट्टी, दंडावर हिरवा-निळा डाग. तिच्या पदराला सर्जेरावांच्या उपरण्याची गाठ मारली होती, लग्नात मारतात तशी. उपरण्याचं दुसरं टोक पुढच्या सीटच्या दांडीला बांधलं होतं. सर्जेरावांच्या मनगटावर नखांचे ओरखडे होते.

“अक्काला काय लागलं?” रामकिसननं विचारलं.

“तिच्यासमोर नको.” सर्जेराव हळू आवाजात म्हणाले, “घरची गोष्ट हाये. तुम्ही काम करा, मिस्त्री.”

रामकिसननं दाराचे पत्रे उघडले. प्रत्येक दारात एक छोटी मोटर, तिची सळई कुलपाच्या सळईला जोडायची. बटण दाबलं की चारही दारं बंद. एरवी आतला खटका ओढला की दार उघडतं. सर्जेरावांना तेच नको होतं. बटण दाबल्यावर खटका मेला पाहिजे.

दोन दारं झाली. सर्जेराव चहा आणायला नाक्यावर गेले. जाताना त्यांनी उपरण्याची गाठ ओढून पाहिली.

ते लांब गेले तशी बाई बोलली.

“दादा, तुम्हाला बहीण हाये का?”

रामकिसनच्या हातातला स्क्रू खाली पडला.

“हे मला कोंडून ठेवतेत. आंघोळीला गेले तरी दारात उभे. माझी आई तीर्थपुरीला हाये. वाट बघून राह्यली ती. म्हणली, अंधार पडायच्या आत ये.”

“किती दिवस झाले तुम्हाला जाऊन?”

“जाऊच कुठं देतेत?” तिचे डोळे भरले. “चांगुणा येती म्हणावं, एवढा तरी निरोप द्या.”

रामकिसनला बहीण होती. द्वारका. सतरा वर्षांपूर्वी अशीच दंडावर डाग घेऊन माहेरी आली होती. चार लोक काय म्हणतील म्हणून त्यानंच समजूत घातली, त्यानंच एस्टीत बसवून दिलं. तिनं खिडकीतून एकदा वळून पाहिलं होतं. पुढच्या महिन्यात विहिरीतून काढली.

तो खाली वाकला आणि मागच्या डाव्या दाराची सळई पकडीनं जरा वाकवली.

“अक्का, इकडं बघा.” त्यानं तिचा हात खटक्यावर ठेवला. “नुस्तं ओढलं तर उघडणार न्हाई. आधी खाली दाबायचं, मंग ओढायचं. करून दाखवा.”

तिनं दाबलं, ओढलं. दार उघडलं. ती लहान पोरीसारखी हसली.

“वाटूर फाट्यावर समद्याच गाड्या थांबतेत, तिथं थांबली म्हंजे उतरायचं. तिथं चार माणसं असतेत, वाहन मिळंल. थांबल्यावर, बरं का. चालत्या गाडीत हात लावायचा न्हाई.”

“न्हाई लावत.”

त्यानं तीनदा सांगितलं. तिनं तीनदा मान हलवली.

सर्जेराव चहा घेऊन आले. बशीत ओतला, फुंकला, तिच्या तोंडाला लावला. रामकिसनला वाटलं, लोकांना दाखवायला किती गोड वागतेत.

काम झाल्यावर सर्जेरावांनी बटण दाबून एकेक दार आतून ओढून पाहिलं. डावं मागचंही पाहिलं, दोनदा. उघडलं नाही. त्यांनी लांब श्वास सोडला.

मग मागं वाकून उपरण्याची गाठ सोडली.

“आता हिची गरज न्हाई.”

पिंजरा पक्का झाला म्हणून दोरी सोडली, रामकिसन मनात म्हणाला. गाडी निघाली. काचेतून चांगुणाबाईनं त्याच्याकडं पाहून हात हलवला. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी त्याला भाकर गोड लागली.

अठरा दिवसांनी फियाट पुन्हा गॅरेजसमोर थांबली. सर्जेराव एकटेच उतरले. रामकिसननं आधी मागची सीट पाहिली. रिकामी.

“अक्का न्हाई आल्या?”

“आईकडं गेली.”

“बरं झालं.” त्याच्या तोंडून निघून गेलं. “मायलेकीची भेट झाली.”

सर्जेराव त्याच्याकडं बघत राहिले. मग डोक्यावरची टोपी काढली. डोक्याचा गोटा केलेला होता.

“तिची आई जाऊन तीस वर्षं झाली, मिस्त्री. चार सालापासून तिचं चित्त ठिकाणावर न्हवतं. पोटच्या पोरांची नावं इसरली, मला वळखंना, पण आई तेवढी ध्यानात. कवा बी निघायची. मागं चालत्या गाडीतून उतरली अन् कपाळ फोडून घेतलं, म्हणून तर हे कुलूप. तिच्यादेखत कसं सांगू तुम्हाला, तिला वेडी म्हणून?”

रामकिसननं मागच्या डाव्या दाराकडं पाहिलं. सर्जेराव सांगत होते.

“जालन्याला दवाखान्यात चालल्तो. वाटूरच्या पुढं गाडी जोरात व्हती. मागं बघतो तर दार उघडं.” त्यांनी खिशातून रिमोट काढून त्याच्या हातात ठेवला. “हे काढून घ्या. पोरं मला इचारतेत, दादा, एवढं कुलूप बसवलं व्हतं ना? म्हणलं, मिस्त्रीचं काम बराबर व्हतं. बटन दाबायचं मीच इसरलो.”