पालथा नान

इंटरनेटवर शोधाच्या चौकटीत ठरावीक शब्द टाकले, की ओश शहरातले पासवर्ड नसलेले कॅमेरे सापडत. त्यांच्या मालकांना सावध करणं हेच आयझिरेकचं काम. आज तिसऱ्यांदा तिच्या एकट्या राहणाऱ्या आत्याचंच स्वयंपाकघर पडद्यावर आलं; टेबलावर नान होता. तिनं चिडून फोन लावला.

"आत्या, पासवर्ड कधी लावणार? कुणीही बघत बसेल."

"माझा नान बघून कुणाचं पोट भरणार आहे?"

"तोही पालथा ठेवलाय. अपशकुन कशाला?"

"रोज पालथाच सापडतो गं. थांब, केला सुलटा."

पडद्यावर कुणीच आलं नव्हतं. नान पालथाच होता.

"आत्या, तुम्ही दिसत नाही."

"कशी दिसेन? तुझ्या कटकटीला कंटाळून कॅमेरा परवाच बंद करून पेटीत टाकला."

पडद्यावर एक तरुण हात सावकाश पुढे आला, आणि त्यानं नान सुलटा केला.